पाटातला गाळ कोण काढणार?

खिशातल्या फोनपासून बँकेच्या सर्व्हरपर्यंत सारा व्यवहार ज्या आज्ञावलीतून वाहतो, ती तीस वर्षांहून जुनी आहे. ती साफ ठेवण्याचे काम जगातली मूठभर माणसे करतात. त्यांचे काम आपल्यापर्यंत पोहोचते का, हा मात्र वेगळाच प्रश्न आहे.

ऑगस्ट २०२४ मध्ये गूगलने अँड्रॉइड फोनसाठी दर महिन्याप्रमाणे आपले सुरक्षा पत्रक काढले. त्यातल्या दुरुस्त्यांच्या यादीत सीव्हीई-२०२४-३६९७१ अशा रूक्ष नावाचा एक दोष होता. काही मोजक्या लोकांना लक्ष्य करून त्याचा गैरवापर होत असावा, अशी पुस्तीही पत्रकात जोडलेली होती. हा दोष कोणत्या ॲपमध्ये नव्हता किंवा कोणत्या संकेतस्थळातही नव्हता. तो फोनच्या गाभ्यात, म्हणजे लिनक्स कर्नेलमध्ये होता आणि कर्नेलच्याही त्या भागात होता, जो माहितीला वाट दाखवतो. एखादा मार्ग निकामी ठरला की कर्नेल तो सोडून देतो. सोडताना त्या मार्गाची नोंद पुसली जाई, पण तिचा पत्ता दुसऱ्या कोणाच्या तरी हातात तसाच राहण्याची शक्यता होती. घर पाडले आणि किल्ली मात्र फिरत राहिली, असा हा प्रकार. त्या रिकाम्या जागेवर चोराने आपले घर बांधले की तीच किल्ली त्याच्या कामी येते.

याचे बावड्याला काय, असे कोणी विचारील. इंदापूर-अकलूज रस्त्यावरचे हे ऊसपट्ट्यातले गाव. इथल्या किराणा दुकानाच्या गल्ल्यावर आज क्यूआर कोडची पाटी असते. उसाचे बिल खात्यावर जमा झाल्याचा संदेश फोनवर येतो आणि सातबारा फोनवरच पाहता येतो. पुण्याला शिकायला गेलेली मुलगी रात्री व्हिडिओवर आईशी बोलते. यातले बहुतेक फोन अँड्रॉइडचे असतात आणि प्रत्येक अँड्रॉइड फोनच्या पोटात लिनक्सचा कर्नेल असतो. पलीकडच्या टोकाला बँकेचे आणि सरकारचे जे सर्व्हर असतात, त्यांतही लिनक्सच मोठ्या प्रमाणावर आहे. म्हणजे गल्ल्यावर टेकलेला पन्नास रुपयांचा व्यवहार निघतो त्या आज्ञावलीतून आणि उतरतो बहुधा त्याच आज्ञावलीच्या दुसऱ्या प्रतीत.

ही आज्ञावली करते तरी काय? ती माहितीचे लहान लहान पुडके बांधते, प्रत्येकावर पत्ता घालते आणि पाठवते. पोच आली नाही तर पुन्हा पाठवते आणि पलीकडे सारे पुडके क्रमाने लावून ॲपच्या हवाली करते. ऐकायला सोपे वाटते. सोपे नाही, हे ऑक्टोबर १९८६ मध्ये कळले. अमेरिकेतल्या बर्कले विद्यापीठाचा आणि शेजारच्या लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेचा संगणक यांच्यात जेमतेम चारशे यार्डांचे अंतर. त्यांच्यातली माहितीची गती सेकंदाला ३२ हजार बिटवरून ४० बिटवर घसरली. तारा शाबूत होत्या, यंत्रेही ठीक होती. घडले असे, की गर्दी वाढली, पोच यायला उशीर होऊ लागला आणि प्रत्येक संगणकाने ‘पुडके हरवले’ असे समजून तेच पुडके पुन्हा पाठवायला सुरुवात केली. त्याने गर्दी आणखी वाढली.

नीरा डाव्या कालव्याखाली ज्यांची शेती आहे, त्यांना हे चित्र वेगळे समजावून सांगायला नको. पाणी कमी दाबाने येऊ लागले की प्रत्येक जण आपले दार आणखी उघडतो आणि मग कोणाचेच भिजत नाही. कालव्यावर यावर उपाय आवर्तन आणि पाळीपत्रक. संगणकाच्या जाळ्यावर पाटकरी नेमता येत नाही. तेव्हा व्हॅन जेकबसन आणि माइक कॅरल्स यांनी प्रत्येक संगणकालाच शिस्त लावली. सुरुवात हळू करायची, पोच येईल तसतसा वेग वाढवायचा आणि पुडके हरवले की ताबडतोब हात आखडता घ्यायचा. बर्कलेच्या युनिक्समध्ये त्यांनी ही दुरुस्ती केली आणि १९८८ मध्ये तिच्यावर निबंध लिहिला. त्या शिस्तीचे सुधारलेले रूप आजही आपल्या फोनमध्ये आहे. नवे यंत्र न आणता, अस्तित्वात असलेली आज्ञावली नीट करून इंटरनेट वाचवले गेले. डागडुजीच्या कामाचे याहून मोठे उदाहरण मला तरी सापडत नाही.

लिनक्सचा इतिहासही असाच आहे. १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडच्या विद्यार्थ्याने कर्नेल लिहायला घेतला, तेव्हा त्यात जाळ्याशी जोडणारा भागच नव्हता. तो रॉस बिरो यांनी पहिल्यांदा लिहिला. मग नेदरलँड्सच्या फ्रेड व्हॅन केम्पेन यांनी त्याची दुसरी, अधिक महत्त्वाकांक्षी आवृत्ती हाती घेतली. ती पुरी होईना आणि लोकांना तर चालणारी वस्तू आज हवी होती. अशा वेळी वेल्समधल्या स्वान्सी इथल्या ॲलन कॉक्स यांनी नवे काही न लिहिता आहे तेच साफ करायला घेतले. त्यांचे यंत्र गजबजलेल्या जाळ्यावर होते, त्यामुळे घरगुती वापरात न दिसणारे दोष तिथे रोज दिसत. त्यांच्या आवृत्तीला नाव मिळाले ‘नेट-२ डी’. त्यातला ‘डी’ म्हणजे डीबग्ड, दोष काढलेली. मार्च १९९४ मध्ये लिनक्सची पहिली पूर्ण आवृत्ती आली, तिच्यात सगळ्या मिळून १,७६,२५० ओळी होत्या. २०२५ मध्ये कर्नेलने चार कोटी ओळींचा टप्पा ओलांडला.

एवढ्या ओळींत गाळही साचतोच. एके काळी संगणक जोडण्याच्या कितीतरी रीती होत्या. आयबीएमची टोकन रिंग होती, डिजिटल कंपनीचे डेकनेट होते. नव्वदच्या दशकात आपल्याकडच्या कितीतरी कार्यालयांत नॉव्हेलचे जाळे असे, त्याची आयपीएक्स ही पद्धत होती. लिनक्सने या साऱ्यांना जागा दिली. पुढे इंटरनेटची पद्धत जिंकली, बाकीच्या मागे पडल्या. आज्ञावली मात्र तशीच राहिली, बुजलेल्या पोटचारीसारखी. पाणी नाही, पण दार आहे.

आणि त्या दारातून काय येऊ शकते, हे २०१० मध्ये दिसले. इकोनेट ही ब्रिटनच्या एकॉर्न कंपनीच्या संगणकांसाठी केलेली पद्धत. एकॉर्नचा ‘बीबीसी मायक्रो’ आपल्याकडच्या वाचकांनाही आठवत असेल. १९८४ मध्ये सुरू झालेल्या ‘क्लास’ या केंद्र सरकारच्या प्रकल्पात शाळांना दिले गेले ते संगणक हेच. ते केव्हाच अडगळीत गेले, पण लिनक्समध्ये इकोनेटचा भाग शिल्लक होता आणि त्याच्याकडे कोणी पाहत नव्हते. २०१० मध्ये त्यात एकापाठोपाठ तीन दोष सापडले. आणखी एका दोषाची जोड दिली की यंत्रावरचा साधा वापरकर्ता त्यांच्या आधारे यंत्राचा पूर्ण मालक होऊ शकत होता. इकोनेटची तार आयुष्यात न पाहिलेली यंत्रेही धोक्यात आली, कारण काही लिनक्स आवृत्त्यांत कोणी नुसती मागणी केली तरी तो भाग आपोआप चालू होत असे. अखेर २०१२ मध्ये इकोनेट काढून टाकले गेले. टोकन रिंगही त्याच वर्षी गेली, आयपीएक्स २०१८ मध्ये, तर २०१० पासून बेवारस म्हणून नोंदलेले डेकनेट २०२२ मध्ये.

डीसीसीपी नावाच्या पद्धतीची कथा अधिक बोलकी आहे. आवाज आणि चित्र पाठवण्यासाठी ती २००५ मध्ये आली आणि फारशी कोणी वापरलीच नाही. २०१७ मध्ये तिच्यातला एक गंभीर दोष उघड झाला. तो जवळजवळ पहिल्या दिवसापासून, म्हणजे सुमारे अकरा वर्षे तिथे होता. तरीही ती लगेच काढली नाही. २०२३ मध्ये ‘ही पद्धत २०२५ मध्ये काढली जाईल’ अशी सूचना लागली. आपल्याकडे हरकती मागवतात, तसाच हा प्रकार. कोणाची ठोस हरकत आली नाही आणि २०२५ च्या ६.१६ या आवृत्तीतून ती गेली.

एवढा वेळ का लागावा? कारण लिनक्सचा एक कडक नियम आहे: वापरणाऱ्याची चालती वस्तू मोडायची नाही. जगात कुठल्या कारखान्यात, कुठल्या दवाखान्यात कोणते जुने यंत्र कशावर चालले आहे, हे कोणालाच ठाऊक नसते. सहकारी संस्थेत जुने दप्तर जाळायला कोणी धजत नाही, त्यामागे आळस असतो तशी शहाणी भीतीही असते. इथेही तसेच आहे.

आता साफसफाई म्हटली की आपल्याकडे उत्साहाला तोटा नाही. पुण्यापासून बारामतीपर्यंत अभियांत्रिकीच्या मुलांना लिनक्समध्ये आपले नाव लागावे असे वाटते आणि ते योग्यच आहे. कर्नेलमध्ये अशा नवशिक्यांसाठी ‘स्टेजिंग’ हा वेगळा कोपराच २००८ पासून आहे. तिथे ओबडधोबड आज्ञावली ठेवतात आणि ती घासूनपुसून घेता घेता माणसे शिकतात. पण नेटवर्किंगच्या विभागाचा लेखी नियम वेगळा आहे. दुसऱ्या कोणत्या कामाच्या ओघात नसलेली, नुसती वरवरची साफसफाई पाठवू नका, असे तिथे सांगितलेले आहे. मोकळ्या जागा सारख्या करणे अशा कामातून फायदा थोडा होतो, पण तपासणाऱ्याचा वेळ जातो आणि चालत्या आज्ञावलीत नवा दोष घुसण्याचा धोका राहतो. हा नियम काहींना उद्धट वाटतो. माझ्या मते तो बरोबर आहे. पाटाच्या भिंतीला चुना लावणे म्हणजे गाळ काढणे नव्हे. २०२० मध्ये एका ऑनलाइन उपक्रमात टी-शर्टाच्या आमिषाने मुक्त प्रकल्पांवर निरर्थक बदलांचा जो पूर आला, त्यात भारतातून गेलेला वाटा मोठा होता, हे विसरून चालणार नाही. खरी साफसफाई करणाऱ्याला आधी ती आज्ञावली वाचावी लागते, तिच्या चाचण्या लिहाव्या लागतात आणि बदलानंतर कोणाचे काही मोडले तर उत्तर द्यायला जागेवर थांबावे लागते.

आणि थांबणारी माणसे कमी आहेत. लिनक्सवर आज जे काम होते, त्यातले बरेचसे कंपन्यांच्या पगारी अभियंत्यांकडून होते. पुण्यातही रेड हॅटसारख्या कंपनीचे मोठे कार्यालय आहे. पण कंपनी पैसे देते ते बहुधा नव्या गोष्टींसाठी, तिच्या स्वतःच्या यंत्राला लागणाऱ्या. जुने कोण वाचणार? २०१४ मध्ये ओपनएसएसएल या आज्ञावलीतला ‘हार्टब्लीड’ दोष गाजला, तेव्हा जगाला कळले की निम्म्या इंटरनेटची कुलपे सांभाळणाऱ्या या प्रकल्पाला वर्षाला जेमतेम दोन हजार डॉलर देणग्या मिळत आणि पूर्णवेळ माणूस एकच होता. त्यानंतर ओपनबीएसडीच्या मंडळींनी त्याची वेगळी प्रत घेऊन साफसफाई सुरू केली, तर पहिल्याच आठवड्यात ९० हजारांहून अधिक ओळी निघाल्या. भारतात झेरोधा या दलाली पेढीने २०२४ मध्ये मुक्त प्रकल्पांसाठी वर्षाला दहा लाख डॉलरचा निधी जाहीर केला, ही चांगली गोष्ट. पण ज्या देशाचे यूपीआयवरचे व्यवहार जगात नावाजले जातात, त्या देशातल्या बँका आणि सरकारी खाती या पायावर किती खर्च करतात, हा प्रश्न विधिमंडळात किंवा संसदेत कोणी विचारल्याचे माझ्या तरी वाचनात नाही.

माणसांची ही टंचाई थेट फोनपर्यंत येते. कर्नेलच्या काही आवृत्त्या ‘दीर्घकाळ सांभाळण्याच्या’ म्हणून निवडतात, म्हणजे नवे काही न घालता त्यांत फक्त दुरुस्त्या घालत राहायचे. २०१७ मध्ये ही मुदत दोन वर्षांवरून सहा वर्षे केली गेली, ती फोनसारख्या वस्तू डोळ्यांसमोर ठेवूनच. सप्टेंबर २०२३ मध्ये ती पुन्हा दोन वर्षांवर आणणार असे जाहीर झाले. कारणे दोन सांगितली गेली. इतक्या जुन्या आवृत्त्या फारसे कोणी वापरत नाही आणि सांभाळणारे थकले आहेत.

त्यात फोनची वाट लांबची. कर्नेल सांभाळणारे दुरुस्ती करतात, ती गूगलकडे जाते, तिथून चिप बनवणाऱ्याकडे, तिथून फोन बनवणाऱ्याकडे आणि त्याला सवड मिळाली तर आपल्या हातात. ऑगस्ट २०२४ च्या त्या दोषाची दुरुस्ती मूळ कर्नेलमध्ये पत्रक निघण्याआधीच झालेली होती. पाणी धरणातून सुटले होते, प्रश्न होता तो टेलचा. इंदापूरकरांना कालव्याच्या शेपटाचे दुःख नवे नाही. हेडच्या लोकांना दिवसरात्र पाणी आणि शेपटाला वर्तमानपत्रातली आवर्तनाची बातमी. महागड्या फोनला सहा-सात वर्षे दुरुस्त्या मिळण्याचे आश्वासन असते. सात-आठ हजारांच्या फोनला ते दोन-तीन वर्षे मिळाले तरी नशीब आणि खेड्यात फोन वापरला जातो तो त्याहून अधिक काळ. थोरल्याने नवा घेतला की जुना आईकडे येतो, आईकडून धाकट्याकडे जातो. बँकेचे ॲप मात्र तिन्ही हातांत तेच असते.

युरोपीय संघाने यावर २०२५ मध्ये उपाय केला. २० जून २०२५ पासून तिथे लागू झालेल्या नियमानुसार, एखाद्या फोनची विक्री थांबल्यानंतरही किमान पाच वर्षे त्याला कार्यप्रणालीच्या सुधारणा देत राहणे बंधनकारक आहे. आपल्याकडेही तशी सक्ती हवी आणि ती सर्वांत स्वस्त फोनपासून सुरू व्हायला हवी. फोनच्या खोक्यावर कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल ठळक छापता येतात, तर ‘दुरुस्त्या अमुक तारखेपर्यंत’ हेही छापता येईल. औषधाच्या पाकिटावर मुदत छापतात, तसेच.

तोवर एक गोष्ट कोणालाही पाहता येते. फोनच्या सेटिंगमध्ये ‘अबाउट फोन’ किंवा ‘सिक्युरिटी’ या भागात अँड्रॉइडच्या सुरक्षा सुधारणेची तारीख असते. घरातल्या प्रत्येक फोनची ती वाचून पाहावी, आईच्या फोनची आधी. ती ५ ऑगस्ट २०२४ च्या मागची असेल, तर या लेखाच्या सुरुवातीला सांगितलेला दोष त्या फोनमध्ये अजून असू शकतो.