न्यू जर्सीत एक कुंडी, तीन वर्षं तुरुंग

अमेरिकेत गांजा ‘मुक्त’ झाला, ही बातमी आपल्याकडचे पुरोगामी मित्र मोठ्या कौतुकाने फिरवतात. त्यांना आमचा प्रश्न आहे, मुक्त कोणासाठी? दुकानातून विकत घेणाऱ्यासाठी की घराच्या खिडकीत रोप लावणाऱ्यासाठी? तिथे प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा आहे, आणि बहुतेक ठिकाणी या दोन माणसांना एकसारखं वागवलं जात नाही.

कोलोराडोने 2012 मध्ये मतदानाने बंदी उठवली आणि 21 वर्षांवरील माणसाला घरी सहा झाडं लावायची मुभा दिली. त्याच दिवशी वॉशिंग्टन राज्यानेही बंदी उठवली. पण तिथे रुग्ण सोडले तर घरी एक झाड लावणंसुद्धा गुन्हाच राहिलं. नेवाडाचा नियम तर ऐकाच: 25 मैलांच्या आत परवानाधारक दुकान असेल तर घरी लागवड करता येत नाही. दुकान 26 मैलांवर असलं की तेच झाड निरुपद्रवी कसं होतं? याला आरोग्याचा कायदा म्हणायचं? हा तर दुकानदाराच्या गल्ल्याचा कायदा झाला.

न्यू जर्सीने कमालच केली. 2020 मध्ये लोकांनी कौल दिला, 2021 मध्ये कायदा आला, पुढे दुकानं उघडली, सरकारला कर मिळू लागला. पण त्या कायद्याने घरातलं एक रोपही तीन ते पाच वर्षांच्या तुरुंगवासाचा गुन्हा म्हणून तसंच ठेवलं.

हा तुरुंग कोणाच्या वाट्याला येतो? अमेरिकन सिव्हिल लिबर्टीज युनियनच्या 2020 च्या अहवालानुसार गांजासाठी अटक होण्याची शक्यता गोऱ्यांपेक्षा काळ्यांच्या बाबतीत 3.64 पट आहे. वापर दोन्हीकडे जवळपास सारखाच. ज्या ब्लॅक पँथरवरून 1972 साली मुंबईत दलित पँथरने नाव घेतलं, त्यांच्या समाजाची ही गोष्ट आहे. म्हणून ती आम्हाला परकी वाटत नाही.

बरं, जिथे परवानगी आहे तिथे तरी? कॅलिफोर्नियात 2016 पासून सहा झाडं चालतात, पण घरमालक भाडेकरूला मनाई करू शकतो. केंद्राच्या मदतीवर चालणाऱ्या सरकारी वसाहतीत केंद्राचा कायदा लागू, म्हणजे पूर्ण बंदी. घरावरच पाणी सोडायची वेळ येऊ शकते. गोऱ्या कुटुंबांपैकी दहात सातांचं घर स्वतःचं आहे, काळ्यांपैकी निम्म्यांचंही नाही. कायद्यात ‘काळा’ हा शब्द कुठेच नाही. ‘फक्त शाकाहारी कुटुंबालाच भाड्याने’ या पाटीतही जात लिहिलेली नसते!

आता कोणी विचारेल, पंचशील पाळणाऱ्यांनी गांजाची वकिली करायची का? नाही, आम्ही ती करत नाही. पाचवं शील आमच्यावर बंधनकारक आहे, आणि व्यसनाने मोडलेले संसार आम्ही वस्त्यांत कामाच्या निमित्ताने बघतो. पण बाबासाहेबांनी दारू न पिण्याची प्रतिज्ञा दीक्षाभूमीवर दिली, ती माणसाने स्वतः, उघड्या डोळ्यांनी घ्यायची म्हणून. पोलिसाच्या दंडुक्याने शील येत नसतं. दंडुका कोणाच्या पाठीवर पडतो हे मात्र ठरलेलं असतं.

आपल्याकडेही हेच चालू आहे. 1985 च्या एनडीपीएस कायद्यात गांजाच्या बेकायदा लागवडीला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे, पण नुसत्या पानांची भांग त्या कायद्याच्या व्याख्येबाहेर. त्यामुळे बनारसमध्ये सरकारमान्य भांगेची दुकानं उजळ माथ्याने चालतात. देवाच्या नावाने घोटली की ती परंपरा! इकडे शिरपूर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी, पोलीस शेतातला गांजा उपटतात, ढिगाऱ्यासोबत फोटो काढतात आणि जमीन कसणाऱ्या आदिवासीवर गुन्हा नोंदवतात. तो माल ज्या व्यापाऱ्याने मागवला, त्याचं नाव आरोपपत्रात कधी शोधून बघा.