बाजरीचा रोग हा आपलाही प्रश्न आहे

हुंडा, मारहाण, दारू या प्रश्नांवर आपण बोलतो, मग बाजरीवरच्या बुरशीशी आपला काय संबंध, असं एका बैठकीत मला विचारलं गेलं. माझं म्हणणं आहे की हा आपलाच प्रश्न आहे. कारण या रोगांशी रोजचा सामना बाईच करते; फक्त तिला कुणी शेतकरी म्हणत नाही.

नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात पारनेर, पाथर्डी, शेवगावकडची बाजरी मुख्यतः पावसाच्या भरवशावर असते. तिच्यावरचे दोन मोठे रोग म्हणजे गोसावी आणि अरगट. गोसावीत पानं पिवळी पडतात, पानामागे पांढरी बुरशी धरते आणि कणसात दाण्यांऐवजी पानांचा झुपका निघतो. ही बुरशी जमिनीत अनेक वर्षं टिकते. अरगट फुलोऱ्याच्या वेळी ढगाळ, रिमझिम हवेत येतो. कणसावर मधासारखा चिकटा दिसतो, पुढे दाण्याच्या जागी काळपट कडक गाठी धरतात. या गाठी विषारी असतात. १९७५ साली राजस्थानात अशी बाजरी खाऊन लोकांना मळमळ, उलट्या, गुंगी असा त्रास झाला होता. म्हणजे प्रश्न शेताचा आहे तसाच चुलीचाही आहे.

यावरचे उपाय अवघड नाहीत. १० लिटर पाण्यात २ किलो मीठ विरघळवून त्यात बी टाकायचं. तरंगणाऱ्या गाठी आणि हलकं बी काढून जाळायचं. जनावरांना घालायचं नाही. खाली बसलेलं बी साध्या पाण्यानं दोन-तीनदा धुऊन सावलीत वाळवायचं. मग गोसावीसाठी किलोला ६ ग्रॅम मेटॅलॅक्झिल चोळायचं. पेरणी लांबवायची नाही. खुरपताना रोगट रोप दिसलं की उपटून नष्ट करायचं.

आता सांगा, बी निवडणं, वाळवणं, खुरपणं, धान्य पाखडणं ही कामं कोण करतं? आणि प्रशिक्षणाला कोण बसतं? ज्याच्या नावावर सातबारा, तो! औषध चोळायला मात्र बाईचे उघडे हात. पुडीवर काय लिहिलंय हे तिला कुणी वाचून दाखवत नाही.

बियाण्याचं तेच. एचबी-३ हे संकरित वाण १९७१ मध्ये गोसावीला बळी पडलं. आज रोगाला दाद न देणारं वाण उद्याही तसंच राहील याची खात्री नसते. म्हणून कोणतं बी घ्यायचं, घरचं कोणतं राखायचं, या निर्णयात बाई हवीच. संकरित वाणाचं बी पुन्हा पेरून चालत नाही. धनशक्तीसारख्या सुधारित वाणाचं राखता येतं. बियाणं राखण्याचं बाईचं ज्ञान केवढं असतं, हे याच जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यातील राहीबाई पोपेरे यांनी दाखवलं. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. पण एका बाईच्या सन्मानानं बाकीच्या जणींचं नाव सातबाऱ्यावर चढत नाही.

महाराष्ट्राचं पहिलं महिला धोरण १९९४ मध्ये आलं. त्याच वर्षी राज्यात हिंदू मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांसारखा हक्क देणारा कायदाही झाला. हक्क कागदावर आहे, तो बांधावर आणायचा आहे.

मैत्रिणींनो, पेरणीआधी आपल्या मंडळात बीजप्रक्रियेची बैठक घ्या, बायांना सवड असेल त्या वेळी. औषधासोबत हातमोजे मागा. कृषी सहायकाला गावात बोलवा आणि यादीत बायांची नावं लिहायला लावा. शेतकरी म्हणून!