ग्रीन कार्डची रांग आणि एकविसावा वाढदिवस

अमेरिकेतील मुलाचा ‘आमच्या ग्रीन कार्डची प्रक्रिया सुरू झाली’ असा निरोप आला की इकडे मध्यमवर्गीय मराठी घरांत आनंदाला उधाण येते. प्रक्रिया सुरू होणे आणि ती पूर्ण होणे यांत केवढे अंतर असते, याची कल्पना मात्र फार थोड्या कुटुंबांना असते. आज हे अंतर इतके वाढले आहे की त्यात एका पिढीचे बालपण संपून जाते. म्हणूनच या विषयाचा विचार भावनेने नव्हे, तर गणिताने करण्याची वेळ आली आहे.

हे गणित समजून घेऊ. आपली बहुसंख्य मुले ‘एच-१बी’ या तात्पुरत्या परवान्यावर जातात. तो तीन वर्षांचा असतो व सहा वर्षांपर्यंत वाढतो. कायम निवासासाठी मालक कंपनीने प्रथम श्रम खात्याकडून ‘या पदासाठी योग्य अमेरिकी मनुष्य मिळाला नाही’ असा दाखला मिळवायचा, नंतर स्थलांतर खात्याकडे त्या कर्मचाऱ्यासाठी अर्ज करायचा आणि क्रमांक लागल्यावर अखेरचा अर्ज कुटुंबाने करायचा. पहिल्या दाखल्यासाठी अर्ज केल्याची तारीख हाच सर्वसाधारणपणे रांगेतील क्रमांक.

खरी मेख येथेच आहे. १९९० च्या कायद्यानुसार नोकरीच्या आधारे वर्षाला सुमारे १,४०,००० ग्रीन कार्डे दिली जातात. पत्नी व मुले यांचीही गणना त्यातच होते. शिवाय कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांना सर्वसाधारणपणे सात टक्क्यांहून अधिक वाटा मिळत नाही. शंभर कोटींहून अधिक लोकसंख्येचा भारत आणि चार लाखांच्या आसपास लोकसंख्येचा आइसलँड यांना मर्यादा एकच! परिणामी, २०२५ च्या अखेरीस भारतीयांच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या श्रेणीत २०१३ सालच्या तारखांचे अर्ज निकाली निघत होते. आज रांगेत उभा राहणारा अभियंता निवृत्तीपूर्वी दारापर्यंत पोहोचेल की नाही, हे कोणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही.

या मर्यादेचे समर्थक म्हणतात की ती नसेल तर एक-दोन देशांचे लोकच सर्व जागा व्यापतील. हा युक्तिवाद अगदीच टाकाऊ नाही. परंतु मग ‘एच-१बी’ देताना ही देशनिहाय मर्यादा का नाही? तो परवाना मिळवणाऱ्यांत भारतीयांचे प्रमाण सत्तर टक्क्यांच्या आसपास आहे. कामासाठी बोलावताना गुणवत्ता पाहायची आणि स्थायिक होऊ देताना जन्मभूमी, हा न्याय कोणता? १९२३ साली भगतसिंग थिंद यांना ‘गोरे’ नाहीत म्हणून तेथील सर्वोच्च न्यायालयाने नागरिकत्व नाकारले. १९४६ साली भारतीयांना वर्षाला शंभर जागांचा कोटा मिळाला. १९६५ च्या कायद्याने वंश व मूळ देशावर आधारलेली ती कोटापद्धती मोडीत काढली. तरीही रांगेत जन्मदेश मोजला जातोच. ही मर्यादा हटवणारे विधेयक २०१९ मध्ये प्रतिनिधिगृहाने आणि २०२० मध्ये वेगळ्या स्वरूपात सिनेटने संमत केले. पण दोन्ही मसुद्यांचा मेळ बसला नाही आणि कायदा झाला नाही.

या विलंबाची सर्वांत मोठी किंमत मुले मोजतात. पाच वर्षांचा असताना आईवडिलांबरोबर गेलेला मुलगा त्यांच्या परवान्याच्या आधाराने तेथे राहतो, तेथेच शिकतो. एकविसाव्या वर्षी तो कायद्याने ‘मूल’ राहत नाही आणि आईवडिलांच्या रांगेतून बाहेर फेकला जातो. २००२ च्या एका कायद्याने थोडा दिलासा दिला; पण वयातून वजा होतो तो कंपनीचा अर्ज विचाराधीन असल्याचा काळ. रांगेतील वर्षे वजा होत नाहीत. मग त्याने विद्यार्थी परवाना घ्यावा किंवा देश सोडावा. त्याच घरातले धाकटे भावंड तेथे जन्मल्यामुळे अमेरिकी नागरिक असते. एका ताटात जेवणाऱ्या दोन भावंडांच्या मध्ये कायद्याची भिंत उभी राहते.

कॅनडाने याच प्रश्नाचे उत्तर वेगळे दिले आहे. २०१५ पासूनच्या ‘एक्स्प्रेस एन्ट्री’ पद्धतीत वय, शिक्षण, भाषा व अनुभव यांना गुण मिळतात; देशनिहाय मर्यादा नाही, आणि कायम निवासाचा परिपूर्ण अर्ज पोहोचतो त्या दिवशीचे मुलाचे वय ग्राह्य धरले जाते. म्हणजे इच्छा असेल तर तोडगा अवघड नाही. अमेरिकेतील भारतीय संस्थांनी निदान ही एक मागणी, अर्जाच्या दिवशी वय गोठवण्याची, अग्रक्रमाने लावून धरावी.

आणि आपण येथे काय करावे? मुलगा परत आला तर त्याच्यासाठी दार उघडे आहे काय, हा प्रश्न आपल्यालाही विचारला पाहिजे. राज्यातील अभियांत्रिकी आणि वैद्यकीय प्रवेशांत अधिवास आणि दहावी-बारावी कोठे झाली हे पाहिले जाते. भारतीय पारपत्र बाळगणारा हा मुलगा तिकडे परका आणि इकडे परप्रांतीय ठरतो. राज्य शासनाने अशा मुलांसाठी स्पष्ट तरतूद केली पाहिजे.

कुटुंबांनीही निघण्यापूर्वीच हिशेब मांडावा. मुलाचे वय किती, रांग किती, नोकरी गेली तर दुसरी शोधण्यास मिळणारे साठ दिवस पुरतील काय? सप्टेंबर २०२५ मध्ये परदेशातून बोलावल्या जाणाऱ्यांच्या नव्या ‘एच-१बी’ अर्जांवर एक लाख डॉलर शुल्काची घोषणा झाली. नियम एका रात्रीत बदलतात, हे त्यातून शिकावे. मुलांची मराठी, येथील आप्तांशी नाते आणि येथील शिक्षणाची ओळख टिकवणे हा केवळ जिव्हाळ्याचा विषय नाही; परतीची वाट मोकळी ठेवण्याचा तो व्यवहार्य मार्ग आहे. परदेशी जाणाऱ्याला निरोप देताना यशाच्या शुभेच्छा जरूर द्याव्यात; त्यासोबत हा हिशेबही त्याच्या हाती ठेवावा.