आवाज बसतो तेव्हा

बोलणाऱ्याची माती विकते, न बोलणाऱ्याचे सोनेही विकत नाही, अशी आपल्याकडे म्हण आहे. पण ज्याला बोलायचे आहे आणि आवाजच फुटत नाही, त्याच्या सोन्याचे काय, हे म्हण सांगत नाही.

पुणे-सोलापूर हमरस्त्यावरच्या आमच्या टेंभुर्णीत कित्येकांचा संसार गळ्यावर चालतो. बाजारातली भाजीवाली, जीपगाडीसाठी उतारू गोळा करणारा पोरगा, कीर्तनकार, शाळामास्तर या सगळ्यांचे भांडवल एकच, घशातल्या दोन इवल्याशा पट्ट्या. पुरुष बोलू लागला की त्या सेकंदाला शंभराहून अधिक वेळा थरथरतात, बाईच्या गळ्यात २०० च्या आसपास. रोज तासन्‌तास ओरडावे लागले की त्यांवर गाठी धरतात आणि आवाज घोगरा होतो. शिक्षकांत हे दुखणे इतरांहून अधिक आढळते, ते उगाच नव्हे.

दोन वर्षांपूर्वी माझा आवाज सहा आठवडे बसला होता. पाय मोडला असता तर लोकांनी खुर्ची पुढे केली असती. घशाला काही प्लास्टर दिसत नाही. ज्येष्ठमध सुचवणारे पुष्कळ भेटले, थांबून ऐकणारे थोडे. मी तोंड उघडीपर्यंत बैठकीतला विषय पुढे गेलेला असे. फोनवर एका गृहस्थांनी, "रागावलात की काय?" म्हणून विचारले. पुढे पुढे पाहुणे माझी ख्यालीखुशाली मी समोर असताना पत्नीलाच विचारू लागले. आवाजाबरोबर माणसाचे मतही गेले, असे लोक धरून चालतात!

उस्ताद अल्लादियाखाँ (१८५५-१९४६) यांचा आवाज तरुणपणी आमलेटा संस्थानात अतोनात गावे लागल्याने गेला, तो सुमारे दोन वर्षे. परत आला, पण पूर्वीचा नव्हे. तेव्हा या नव्या आवाजाला झेपेल अशी गायकी त्यांनी घडवली. पुढे ते कोल्हापुरात शाहू महाराजांचे दरबारगायक झाले आणि ती गायकी केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर यांच्या गळ्यात उतरली.

पण खाँसाहेबांची प्रतिभा सर्वांना कुठून यावी? भाजीवालीला तर दोन बाजारही गप्प बसणे परवडत नाही. म्हणून ती दुखणे अंगावर काढते. वास्तविक घोगरेपणा तीन आठवड्यांहून अधिक टिकला तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवलेच पाहिजे. तंबाखू-विडी असेल तर अधिकच, कारण स्वरयंत्राचा कर्करोगही असाच सुरू होतो. वेळीच गेल्यास पुष्कळदा विश्रांती आणि बोलण्याची नीट तालीम यांवरच भागते. वर्गात एक साधा ध्वनिक्षेपक बसवला तरी कितीतरी मास्तरांचे गळे वाचतील.

आणि ऐकणाऱ्यांनाही थोडी तालीम हवीच. या दिवाळीत फराळाला आलेल्या मंडळींत कुणी घोगऱ्या आवाजाचे असतील, तर फटाक्यांच्या गोंगाटात लांबून "काय म्हणालात?" असे ओरडू नका. पाट जरा जवळ ओढा आणि त्यांचे वाक्य पुरे होऊ द्या.