लिसा उडणार, म्हणून औंढा नको?

गुरुत्वीय लाटा टिपायला युरोप ‘लिसा’ अंतराळात धाडणार, मग त्याच कामासाठी औंढा नागनाथला २,६०० कोटींचं यंत्र हवंच कशाला? बदलापूर लोकलमध्ये या आठवड्यात हा प्रश्न पुन्हा ऐकू आला, तोही चांगल्या शिकलेल्या माणसांकडून. औंढ्याच्या या यंत्राला, म्हणजे लायगो-इंडियाला, २०१६ साली तत्त्वतः होकार आणि पूर्ण मंजुरी २०२३ साली, या सात वर्षांबद्दल या स्तंभात पुष्कळ लिहून झालं आहे. यंत्र वेळेत उभं राहिलं असतं तर हा प्रश्न कुणाला पडलाच नसता.

दोन्ही यंत्रं वेगळ्या लाटा ऐकतात. जमिनीवरच्या यंत्राला सेकंदाला साधारण दहाहून जास्त कंपनं लागतात. त्याहून संथ लाटा धरणीच्या थरथरीत बुडून जातात. अमेरिकेतल्या लिव्हिंग्स्टनच्या लायगो यंत्राला तर जवळून जाणाऱ्या मालगाड्यांनीही छळलं. लाखो सूर्यांच्या वजनाची कृष्णविवरं एकमेकांभोवती फिरतात तेव्हा एकेका लाटेला मिनिटं, कधी तास लागतात. त्यासाठी लिसाची तीन यानं एकमेकांपासून २५ लाख किलोमीटरवर तरंगणार आहेत.

लिसाची खरी पंचाईत या तरंगण्यातच आहे. औंढ्याच्या दोन्ही भुजा चार-चार किलोमीटरच्या. भुजांमधून धावणाऱ्या लेसरमधली गडबड दोन्हीकडून एकाच वेळी परतते आणि वजाबाकीत निघून जाते. लिसाच्या भुजा मात्र सतत लांब-आखूड होत राहणार. कल्याणहून एक लोकल बदलापूरला जाते, दुसरी टिटवाळ्याला. कल्याणचं घड्याळ क्षणोक्षणी मागेपुढे होत असेल, तर एकाच क्षणी सुटलेल्या दोन्ही गाड्या तीच चूक घेऊन निघतात, पण टोकाला वेगवेगळ्या वेळी पोहोचतात. दोन्हीकडच्या नोंदी जशाच्या तशा वजा केल्या तर चूक उरतेच. त्या नोंदी आधी प्रवासाच्या वेळेइतक्या सरकवाव्या लागतात.

लिसासाठी ही युक्ती शास्त्रज्ञ टिंटो आणि आर्मस्ट्राँग यांची. पण नोंदी सरकवून जुळवण्याच्या सगळ्या रीती शोधायच्या कशा, याचं बीजगणित २००२ साली पुण्याच्या ‘आयुका’ या खगोलशास्त्र संस्थेतल्या संजीव धुरंधर यांनी राजेश नायक आणि ज्याँ-इव्ह व्हिने यांच्यासोबत मांडलं. लायगोसारख्या यंत्रांच्या गोंगाटातून लाटेचा ठसा वेचण्याच्या पद्धतीवरही धुरंधर आणि सत्यप्रकाश यांनी १९९१ सालीच काम केलं होतं. जमीन आणि अंतराळ, दोन्हीकडे हात एकाच माणसाचा!

  

औंढा हवं याचं आणखी एक कारण: एकट्यादुकट्या यंत्राला लाटेची दिशाही नीट कळत नाही. १७ ऑगस्ट २०१७ला एका दूरच्या दीर्घिकेतली टक्कर टिपताना लायगोच्या जोडीला युरोपचं व्हर्गो होतं, म्हणून शोध आकाशाच्या सुमारे २८ चौरस अंशांवर आला आणि ती दीर्घिका सापडली. अंतराळातही तेच: लिसा पृथ्वीच्या मागून चालणार, चीनची ‘ताइची’ ही तशीच नियोजित मोहीम पुढून. शिवाय लायगोने २०१५ साली टिपलेल्या जोडीसारखी काही कृष्णविवरं लिसाला टकरीच्या काही वर्षं आधीच दिसू शकतील. २०३५च्या सुमारास लिसा उडेल, पण त्या कृष्णविवरांची प्रत्यक्ष टक्कर जमिनीवरच्याच यंत्रांना टिपावी लागेल. तेव्हा औंढा सुरू असायलाच हवं.