जमाखर्चाची वही आणि आपली समीक्षा

हिशेबाच्या वहीविषयी मराठी परंपरेत दोन आख्यायिका सर्वपरिचित आहेत. देवगिरीवर जनार्दनस्वामींच्या सेवेत असताना एकनाथ एका पैची चूक शोधण्यासाठी रात्रभर जागले आणि ती सापडताच हर्षभरित झाले, ही पहिली. तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत बुडविली, ही दुसरी. पहिल्या आख्यायिकेचा शेवट गुरूपदेशात होतो: एका पैसाठी एवढी एकाग्रता साधते, तर ती परमार्थाकडे का वळवू नये? म्हणजे हिशेब येथे केवळ दृष्टान्तापुरता उरतो. दुसरीत तर वहीच पाण्यात जाते. संतांच्या बाबतीत हे यथोचितच होय. परंतु वहीकडे पाहण्याची हीच दृष्टी पुढे आपल्या साहित्यसमीक्षेत उतरली, आणि तेथे मात्र तिचे परिणाम चांगले झाले नाहीत. महिन्याची तोंडमिळवणी, वाण्याची उधारी, चार पैसे मागे टाकण्याची धडपड हे विषय आले की समीक्षकाच्या लेखणीतून ‘संकुचित अनुभवविश्व’, ‘पांढरपेशी रडकथा’ असे शब्द ठरल्याप्रमाणे उतरू लागतात.

या शेऱ्यांत तथ्य नाही असे नव्हे. दलित आणि ग्रामीण साहित्याच्या चळवळींनी मराठी साहित्याच्या पांढरपेशा मर्यादांवर जे बोट ठेवले ते योग्यच होते. घरखर्चाचे अंदाजपत्रक आखण्यासाठी ठरलेल्या तारखेला ठरलेली रक्कम हाती यावी लागते. ज्याच्या हाती ती येत नाही त्याला काटकसरीचा उपदेश करणे म्हणजे त्याची क्रूर थट्टा होय. दया पवारांच्या ‘बलुतं’ (१९७८) या आत्मकथनाचे शीर्षकच अशा एका व्यवस्थेचे नाव आहे, की जीत श्रमाचा मोबदला रोकड वेतनाच्या रूपाने नव्हे, तर गावाच्या मर्जीने मिळणाऱ्या धान्याच्या वाट्याच्या रूपाने पदरात पडे. अशा घराला महिनाअखेर नसते, कारण त्याला महिनाच नसतो. पण येथेच एक महत्त्वाची गोष्ट हाती लागते. घरखर्च हा प्रश्न मुळात रकमेइतकाच काळाचाही आहे. मिळकतीला एक काळ असतो आणि खर्चाला दुसरा. हे दोन काळ जुळत नाहीत, म्हणून अंदाजपत्रक मोडते. नोकरदाराची मिळकत महिन्याने येते, मजुराची दिवसाने, शेतकऱ्याची सुगीने. आजारपण, बाळंतपण, शाळेची फी, मुलीचे लग्न आणि दिवाळी यांपैकी काहीही पगाराची तारीख पाहून येत नाही.

ही विसंगती भारतीय कथाकारांनी समीक्षकांपेक्षा पुष्कळ आधी ओळखली होती. प्रेमचंदांच्या ‘पूस की रात’मधील हल्कूने घोंगडीसाठी मजुरीतून तीन रुपये मागे टाकलेले असतात. ते कर्जापोटी सावकाराचा माणूस घेऊन जातो आणि पौषातली रात्र शेतावर उघड्यावर काढण्याची पाळी हल्कूवर येते. हल्कू उधळ्या नाही, व्यसनी नाही, आळशीही नाही. त्याने बचत केलेली आहे. तरीही त्या बचतीवर पहिला हक्क त्याचा नाही. थंडी आता आहे, पीक नंतर येणार आहे, आणि कर्ज मात्र या दोहोंच्या आधीचे आहे. तीन काळांच्या कात्रीत सापडलेल्या या तीन रुपयांची कथा ‘दारिद्र्याचे चित्रण’ एवढ्या दोन शब्दांत वर्गात उरकली जाते.

‘ईदगाह’ या कथेची अवस्था याहून वेगळी नाही. हामिदजवळ तीन पैसे आहेत. महमूद आणि मोहसिन यांच्याजवळ कितीतरी अधिक. खेळणे दोन पैशांना, चिमटा सहा पैशांना सांगितलेला आणि घासाघीस करून तीन पैशांना मिळालेला. साऱ्या जत्रेत हा मुलगा मनाशी हिशेब करीत हिंडतो. पाठ्यपुस्तकांनी या कथेला ‘त्यागा’चा धडा बनविले. त्यागापूर्वी त्याने काय काय तोलून पाहिले, कोणती वस्तू किती दिवस टिकेल आणि कोणती जिभेवर विरघळून जाईल, याचा जो लेखाजोखा कथेत आहे, त्याची दखल क्वचितच घेतली जाते. पोराच्या शहाणपणाला भावनेचा मुलामा दिला की शिकविणे सोपे जाते, एवढेच.

तथापि काळाची विसंगती ही अर्धीच गोष्ट झाली. उरलेली अर्धी अधिकाराची आहे: वही कोणाजवळ, आणि ती पाहण्याचा हक्क कोणाला? या दृष्टीने ‘गबन’ (१९३१) पुन्हा वाचण्याजोगी कादंबरी आहे. स्त्रीच्या दागिन्यांच्या हव्यासाने एका तरुण कारकुनाचा केलेला घात, असे तिचे वाचन दीर्घकाळ चालत आले आहे आणि कादंबरीचा पूर्वार्ध त्याला पुरावाही पुरवितो. जालपाला चंद्रहार हवा आहे, यात संशय नाही. परंतु घराची खरी स्थिती जालपाला कोणी सांगितली? लग्नातले दागिने उधारीवर आणलेले. ती उधारी फेडता येईना तेव्हा रमानाथ पत्नीचेच दागिने रात्री चोरून नेतो आणि चोरी झाल्याचा देखावा उभा करतो. पुढे चुंगी कचेरीतील तुटपुंज्या मिळकतीविषयीही तो तिला भ्रमातच ठेवतो. जी वही तिच्यापुढे कधी उघडलीच नाही, त्या वहीबरहुकूम ती वागली नाही, हा तिचा अपराध ठरविण्यात येतो. आणि कादंबरीचा मर्मभेदी भाग त्यानंतर येतो. रमानाथ कलकत्त्यास पळून गेल्यावर सरकारी रकमेचा खरा प्रकार जालपाला समजतो, आणि जिच्या हव्यासाने सारे घडले असे मानले जाते ती स्त्री आपला हार देऊन तूट भरून काढते. आकडा समजण्याचाच काय तो अवकाश होता. प्रेमचंदांनी हे इतके उघड मांडले असतानाही ‘आभूषणप्रेमाचे दुष्परिणाम’ हा प्रश्न परीक्षेत वर्षानुवर्षे विचारला जावा, हे आपल्या अध्यापनाचे अपयश आहे.

मराठीत ‘स्मृतिचित्रे’ हे याच अधिकाराचे उलट्या बाजूने घडविलेले दर्शन होय. टिळकांचे औदार्य, त्यांची विरक्ती आणि पैशाविषयीची बेफिकिरी यांवर आपण भक्तिभावाने लिहीत आलो. पण एका घरातील औदार्याची किंमत त्याच घरातील स्वयंपाकघर मोजत असते. लक्ष्मीबाईंनी ही किंमत तक्रारीच्या सुरात सांगितली नाही, हसत सांगितली. म्हणून वाचकाला ती किंमत वाटली नाही, गंमत वाटली. त्या हसण्याखाली जी बेरीज-वजाबाकी सतत चालू आहे तिचा स्वतंत्र अभ्यास व्हावयास हवा.

जमाखर्चाची वही ज्याने काही वर्षे सांभाळली असेल त्याला तिचा एक विशेष ठाऊक असतो. पहिल्या आठवड्यातील नोंदी तपशीलवार असतात: तूरडाळ, रॉकेल, दूध, धोबी. तिसऱ्या आठवड्यापासून त्या विरळ होत जातात, आणि महिन्याच्या शेवटी न जुळणारी रक्कम ‘किरकोळ’ या सदराखाली ढकलली जाते. हे सदर नेहमीच विसराळूपणाचे नसते. कित्येक घरांत ते स्त्रीने शिताफीने बाजूला काढलेल्या पैशांचे टोपणनाव असते. भाजीतून वाचविलेले आठ आणे, माहेरून आलेल्या ओवाळणीतले दोन रुपये डाळीच्या डब्यात, देव्हाऱ्यामागे, जुन्या लुगड्याच्या घडीत जातात. खर्च भागवून जे उरेल ती बचत, असा पुस्तकी क्रम आहे. पण ज्या घरांत खरोखर काही साठले तेथे ते बहुधा खर्चाच्या आधीच, आणि गुपचूप, उचललेले असते. एकदा वहीत ‘शिल्लक’ म्हणून नोंदले गेले की त्यावर घरातील सर्वांचा दावा लागतो. आणि दावा लागलेला पैसा टिकत नाही. म्हणजे ज्या अंदाजपत्रकाचे पालन होत नाही म्हणून हळहळ व्यक्त केली जाते, त्याच्या मोडण्यातच कित्येकदा घराची खरी बचत दडलेली असते.

या गुप्त अर्थव्यवहाराला सामुदायिक रूपही आहे आणि त्याची नावे देशभर पसरलेली आहेत: मराठीत भिशी, मल्याळममध्ये कुरी, तमिळ मुलखात चीट्टू, उत्तरेकडे कमेटी. दहाबारा जणींनी दरमहा ठराविक रक्कम काढावयाची आणि प्रत्येकीने पाळीपाळीने ती सारी एकदम उचलावयाची. ज्या काळाच्या विसंगतीचा वर उल्लेख केला, तिच्यावर सामान्य स्त्रियांनी कोणा तज्ज्ञाच्या मदतीशिवाय शोधलेला हा तोडगा आहे. १९८२ सालच्या चिट फंड कायद्याने अशा व्यवहारांची दखल घेतली. तौलनिक साहित्याच्या आपल्या चर्चासत्रांत मात्र कर्मकांडे, लोकगीते आणि उत्सव यांना जी जागा मिळते ती भिशीच्या बैठकीला मिळत नाही. वस्तुतः तेथे कथाही असतात आणि श्रोतेही.

गाजलेल्या कृतींत हा विषय नाही असे म्हणण्याची सोय नाही. तकळींच्या ‘चेम्मीन’मध्ये (१९५६) चेंबनकुंजू आणि चक्की यांनी नाव आणि जाळे घेण्यासाठी पैसा जोडण्याचा जो ध्यास घेतला आहे, त्याच्याशिवाय करुत्तम्मा आणि परीकुट्टी यांची शोकांतिका उभीच राहत नाही. नरेंद्रनाथ मित्र यांच्या ‘अवतरणिका’ या कथेवरून सत्यजित राय यांनी ‘महानगर’ (१९६३) केला. त्यात पतीच्या एकट्याच्या पगारात घर भागत नाही एवढ्याच साध्या गणितातून सून घराबाहेर पडते, आणि मग घरातील प्रत्येक नाते नव्याने मांडावे लागते. विवेक शानभाग यांची कन्नड कृती ‘घाचर घोचर’ (२०१३) याच्या पुढची पायरी दाखविते. ओढाताणीच्या दिवसांत प्रत्येक खर्च घरातील सर्वांना माहीत असतो. पैसा आल्यानंतर हे माहीत असणेच संपते. गंगाधर गाडगीळ हे तर व्यवसायाने अर्थशास्त्राचे प्राध्यापक. नवकथेचे अध्वर्यू म्हणून त्यांचा गौरव झाला आणि मुंबई ग्राहक पंचायतीच्या कार्यातही त्यांनी दीर्घकाळ लक्ष घातले. तरीही कथाकार गाडगीळ आणि ग्राहकहितासाठी झटणारे गाडगीळ ही जणू दोन माणसे होती, असे समजून त्यांच्यावर लेखन होत राहिले.

१९७२ साली मुंबईत महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती स्थापन झाली. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या नेतृत्वाखाली स्त्रिया हाती लाटणी आणि थाळ्या घेऊन रस्त्यावर आल्या. तेल, साखर, रॉकेल यांचे भाव हा खाजगी कुरकुरीचा विषय न राहता सार्वजनिक झाला. वर्तमानपत्रांनी त्या लाटण्यांची गंमत अधिक केली, हा भाग निराळा. एका पिढीने स्वयंपाकघरातील वही चव्हाट्यावर वाचून दाखविली, ही घटना मराठी स्त्रीलेखनाच्या इतिहासात कोठे बसवावयाची, याचा विचार त्या इतिहासाच्या अभ्यासकांनी करावयास हरकत नाही.

पुढे ८ नोव्हेंबर २०१६ रोजी पाचशे आणि हजाराच्या नोटा चलनातून रद्द झाल्या, तेव्हा ‘किरकोळ’ सदराखाली वर्षानुवर्षे लपलेला पैसा एकाएकी उजेडात आणावा लागला. गृहिणींनी अडीच लाखांपर्यंतच्या ठेवींची धास्ती बाळगू नये, असे शासनाच्या वतीने सांगण्यात आले. म्हणजे असा पैसा घरोघरी असतो हे शासनानेही गृहीत धरले होते. घरातील पुरुषांना मात्र हे नवीन होते. देव्हाऱ्यामागची, डब्यातली, घडीतली ती पुडकी मुलाच्या किंवा नवऱ्याच्या हाती देऊन बँकेत पाठवावी लागली, आणि ती किती वर्षांत, कोणत्या खर्चातून, कशासाठी जमविली, याचे उत्तर बायकांना पहिल्यांदाच मोठ्याने द्यावे लागले.