गेमिंग पीसीवर विंडोज १० आणि ११ एकत्र? आधी हे वाचा

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरमधल्या कुणाच्या असेम्बल केलेल्या गेमिंग पीसीवर अजून विंडोज १० असेल, तर त्याचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे. नोंदणी केलेल्यांना सुरक्षा अपडेटसाठी एक वर्ष वाढवून मिळालं. त्यामुळे जुनी सिस्टिम ठेवून सोबत नवी टाकण्याचा, म्हणजे 'ड्युअल बूट'चा पर्याय अनेकांना सोपा वाटतो.

अडचण कुठे येते?
विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं; इंटेल असेल तर साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर. ड्युअल बूट केल्याने ही अट सुटत नाही. विंडोज ११ वर 'व्हॅलोरंट'ला सिक्युअर बूटही लागतं. पण जुनी विंडोज एमबीआर पद्धतीच्या डिस्कवर असेल, तर सिक्युअर बूट चालू केल्यावर ती सुरूच होत नाही.

खरा धोका कोणता?
एका वेळी एकच सिस्टिम चालते, पण डिस्क दोन्हींना दिसते. जुन्या विंडोजमधून शिरलेला व्हायरस नव्या सिस्टिमच्या फाइलींपर्यंत पोहोचू शकतो. म्हणून जुनी विंडोज फक्त जुन्या गेमसाठी, शक्यतो इंटरनेट बंद ठेवून वापरावी. बँकेचे व्यवहार नव्या सिस्टिमवरच करावेत.

करायचंच असेल तर?
आधी बॅकअप घ्या, बिटलॉकरची रिकव्हरी की लिहून ठेवा. नव्या सिस्टिमसाठी वेगळी एसएसडी उत्तम. पार्टिशन करताना वीज गेली तर डेटा जाऊ शकतो, त्यामुळे यूपीएस हवाच.